चौदा तारखेची सकाळ

बंदराच्या नकाशा शाखेत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. नकाशावर नवीन काही चढवायचं असेल तर साहेबांची सही पुरते, पण जुनं काही पुसायचं असेल तर आधी ताईंची समजूत काढावी लागते. ताई म्हणजे शाखेतली सगळ्यात जुनी नकाशाकार. वय चव्वेचाळीस, चष्मा कायम कपाळावर आणि तो शोधण्यात रोजची दहा मिनिटं खर्ची. बावीस वर्षं ती समुद्राच्या तळाचे नकाशे काढत होती आणि तिला पोहता येत नव्हतं. लाँचवर पाय ठेवायलाही ती नाखूश असे.

त्या वर्षी बंदराच्या तोंडाशी असलेल्या समुद्राच्या नकाशाची नवी आवृत्ती निघायची होती. साहेबांनी काढून टाकायच्या खुणांची यादी पाठवली. त्यात उत्तरेच्या वाळूच्या दांड्याजवळची एक खूण होती. ठिपक्यांचं लांबट वर्तुळ, आत माशाच्या काट्यासारख्या रेघा, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, 'बुडालेलं जहाज. जागा संशयास्पद.'

ताई यादी घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेली.

"ही का काढायची?"

"अहो, शंभरच्या वर वर्षं झाली, आपण नुसता संशय घेत बसलोय," साहेब म्हणाले. "तीनदा तिथली खोली मोजली. निव्वळ वाळू आहे. मोठ्या जहाजांचे कप्तान उगाच वळसा घालून जातात."

"पण कुणीतरी काहीतरी बघूनच काढली असेल ना?"

"मग काय बघितलं ते शोधून दाखवा. छपाईला पाच आठवडे आहेत." साहेब मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना टेबलावर, कपाटात आणि समुद्रात पसारा खपत नसे.

ताई दुसऱ्याच दिवशी बंदराच्या दफ्तरखान्यात गेली. तळघरातली लांबट खोली, लोखंडी मांडण्या, आणि एका टोकाला लोकरीची शाल गुंडाळून बसलेल्या दफ्तरदार बाई. "उत्तरेच्या दांड्यावरचं जहाज?" बाईंनी जुनी वही उघडून बोट फिरवलं. "उत्तरेला काही नाही. दक्षिणेच्या खडकांवर मात्र एक आहे. कौलं घेऊन येणारं शिडाचं व्यापारी जहाज. एकशे सत्तर वर्षांपूर्वीचं. माणसं वीस, वाचला एक. जहाजाचा मेट." मेट म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी. "त्याची साक्ष आहे. बघा, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत."

ताईने त्या साक्षीची आणि त्या महिन्याच्या हवामान-नोंदीची छायाचित्रं काढून घेतली आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर पसरली.

घरात ती आणि बाबा दोघंच. बाबा म्हणजे बंदरातले एके काळचे पायलट. परक्या मुलखातून आलेली अजस्र जहाजं छत्तीस वर्षं त्यांनी बोट धरून आणल्यासारखी धक्क्याला लावली होती. निवृत्तीनंतर दोन वर्षांत डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. खिडकीतून बंदर दिसे, म्हणून त्यांनी खुर्ची उलटी फिरवून घेतली होती. बापलेकीचं बोलणं आता चार वाक्यांवर आलं होतं. जेवलात? हो. औषध? घेतलं.

अवघड अक्षर मोठ्याने वाचायची ताईला सवय होती. कानाला ऐकू गेलं की डोळ्याला लागतं, असं तिचं म्हणणं. ती अडखळत वाचू लागली. दुसऱ्या एका बंदरात, दुभाष्यामार्फत घेतलेली ती साक्ष होती.

"'चौदा तारखेला संध्याकाळी दक्षिणेचा वारा फार वाढला. नांगर टाकला, पण तो घसरला, आणि जहाज उत्तरेच्या वाळूवर चढलं. तळ फुटला. कप्तानाने मला होडी सोडवायला पाठवलं. होडी पाण्यात पडली तोच लाट आली आणि दोर तुटला. मी ओरडत होतो. मला जहाजाकडे परत जाता आलं नाही. चौदा तारखेला सकाळी उजाडलं तेव्हा मी एकटा होतो. डोलकाठीसुद्धा दिसत नव्हती.'"

खाली आपल्याच बंदराच्या त्या वेळच्या अधिकाऱ्याचा शेरा होता. तो मात्र ठळक, वळणदार अक्षरात. 'चौदाला संध्याकाळी वारा उत्तरेचा होता. उत्तरेच्या वाऱ्यात जहाज उत्तरेच्या वाळूवर चढेल कसे? शिवाय आधी चौदाची संध्याकाळ आणि मग चौदाची सकाळ! हा इसम धादांत खोटे बोलतो. जहाज दक्षिणेच्या खडकांवर फुटले असावे व हा साथीदारांना टाकून पळाला असावा.'

ताईने हवामानाची नोंद पाहिली. चौदाला संध्याकाळी वारा खरोखरच उत्तरेचा होता. तिने सुस्कारा सोडला. "संपलं. साहेबांचं बरोबर आहे."

"काय वाचलंस?" पाठमोऱ्या खुर्चीतून आवाज आला.

"काही नाही बाबा, जुनं प्रकरण आहे."

"कान शाबूत आहेत माझे. त्याची संध्याकाळची आणि सकाळची वाक्यं परत वाच. तारखेसकट."

तिने वाचली. बाबा खुर्चीतून उठले, टेबलाची कड चाचपत आले आणि तिच्या शेजारी बसले.

"आधी संध्याकाळ, मग सकाळ, तारीख तीच. आणि त्या शहाण्याला वाटलं हा थापा मारतोय!" बाबा हसले. कित्येक महिन्यांत तिने ते हसू ऐकलं नव्हतं. "अगं, जुन्या शिडाच्या जहाजांवर तारीख मध्यरात्री बदलत नसे. सूर्य माथ्यावर आला, त्याची उंची मोजली, की नवा दिवस. दुपारी बारा ते दुपारी बारा. मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे म्हातारे गुरुजी गंमत म्हणून सांगायचे. आपल्याकडे तेराची दुपार झाली की जहाजावर चौदा लागली. म्हणजे त्याची चौदाची संध्याकाळ म्हणजे आपली कोणती?"

"तेराची," ताई हळूच म्हणाली.

"आणि तिच्यामागून येणारी सकाळ?"

"चौदाची. त्याचीही आणि आपलीही."

"मग तेराला संध्याकाळी वारा कुठला होता ते बघ की! माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

तिचं बोट कागदावरून एक ओळ वर सरकलं. 'तेरा. संध्याकाळी दक्षिणेचे वादळ. धक्क्यावरील दोन होड्या फुटल्या.'

बाबांनी टेबलावर थाप मारली. चहाचा कप उडाला.

"बिचारा," ते म्हणाले. "अक्षरन्‌अक्षर खरं सांगत होता. पण त्या अधिकाऱ्याला हे कळू नये?"

"खुर्चीतला माणूस असेल. कधी जहाजावर गेला नसेल." जरा थांबून ताई म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखाच."

एवढ्यावर साहेब ऐकणार नाहीत हे तिला माहीत होतं. तारखेचं कोडं सुटलं तरी ते बाबांच्या डोक्यातलं. दुसरा पुरावा हवा. आठवडाभर ती दुपारची सुट्टी तळघरात घालवू लागली आणि बाबा रोज दार उघडायच्या आधीच विचारू लागले, "मिळालं का काही?" नवव्या दिवशी मिळालं. मेटला समुद्रातून उचलणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने बंदराला पाठवलेली चार ओळींची चिठ्ठी. 'पंधरा तारखेच्या पहाटे एका होडीत एक माणूस सापडला. दोन रात्री पाण्याविना काढल्याने त्याला बोलता येत नव्हते.' दोन रात्री! चौदाच्या संध्याकाळी जहाज फुटलं असतं तर मध्ये एकच रात्र भरते. तेराच्या संध्याकाळी फुटलं असेल तर बरोबर दोन.

साहेबांनी सगळे कागद ओळीने मांडून दोनदा वाचले.

"डोकं कुणाचं?"

"बाबांचं."

"पायलटसाहेबांचं?" साहेब खुर्चीत सावरून बसले. "बुधवारी आपली लाँच दांड्याकडे जातेच आहे. अर्धा दिवस देतो. मिळालं तर मिळालं."

ताई घरी येऊन म्हणाली, "बुधवारी सोनार लावणार." तळाचा आवाजाने वेध घेणारं ते यंत्र.

"सोनार असेल तर निदान सोनं तरी सापडू दे म्हणावं," बाबा म्हणाले.

बुधवारी ताई स्वतः गेली. दोन्ही हातांनी कठडा धरून, गिळता येईल तेवढं गिळत. यंत्राच्या पडद्यावर चार तास वाळू सरकत राहिली. नुसती वाळू, तीही इस्त्री केल्यासारखी. खुणेच्या जागी काही नव्हतं, आजूबाजूला दोनशे मीटरमध्येही काही नव्हतं. परत येताना लाँचवरच्या पाणबुड्याने यंत्र आवरलं. तो मुळातच फारसा बोलत नसे. टाकीतली हवा तो जशी जपून वापरी, तसे शब्दही. सगळे त्याला हवाबंद म्हणत.

घरी बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नीट बघितलं नसणार तुम्ही."

"चार तास बघत होते मी! तुम्हाला घरात बसून बोलायला काय जातं?"

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. बाबा उठून आपल्या खोलीत गेले. त्या रात्री जेवताना पुन्हा तीच चार वाक्यं.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत आली तेव्हा खूण पुसायचा आदेश टेबलावर पडला होता. सही साहेबांची. तिने पुसण्यापूर्वी रीतसर ती खूण मुळात कुणी काढली ते नोंदवायला मूळ सर्वेक्षकाची वही मागवली. वही आली. 'तळाला लाकूड व गंजलेले लोखंड लागले. दीपस्तंभापासून वायव्येस दीड मैल.' तिने पट्टी लावली. दीड मैल, वायव्य. खूण बरोबर तिथेच होती. मग तिने वहीच्या पहिल्या पानावरची तारीख वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. पुन्हा डोळ्यांवर घेतला.

दीपस्तंभ! आताचा दीपस्तंभ ऐंशी वर्षांपूर्वी बांधलेला. त्याआधीचा जुना दगडी दीपस्तंभ शेजारच्या टेकडीवर होता. लाटांनी पाया खाल्ला म्हणून पाडला. वही त्याच काळातली. सर्वेक्षकाने मोजलं ते जुन्या दीपस्तंभापासून, आणि पुढच्या आवृत्तीत कुणीतरी तेच अंतर नव्यापासून लावून खूण सरकवून टाकली. तिने दोन नकाशे काचेवर एकावर एक ठेवून खालून दिवा लावला. सहाशे मीटरचा फरक. सहाशे मीटर पश्चिमेला. चूक तिच्याच शाखेतल्या कुणाची तरी होती, कदाचित याच टेबलावर बसलेल्या कुणाची.

साहेबांनी दोन्ही नकाशे पाहिले आणि डोकं खाजवलं. "पटतंय मला. पण लाँच आता महिनाभर दक्षिणेला आहे. छपाईची तारीख मी हलवू शकत नाही. सोमवारी दुपारपर्यंत काही आणलंत तर खूण नव्या जागी घालतो. नाहीतर आदेश आहे तसा."

ती बाहेर आली. व्हरांड्यात हवाबंद आपले पोहायचे रबरी पंजे वाळत घालत होता. आतलं सगळं त्याला ऐकू आलं असणार.

"रविवारी मला काही काम नसतं," तो म्हणाला. एवढं लांबलचक वाक्य शाखेत कुणी ऐकलं नव्हतं. "माझी होडी आहे."

ताईने घरी येऊन बाबांना दीपस्तंभाची हकिकत सांगितली. शेवटी म्हणाली, "काल मी बोलले ते..."

"खरंच बोललीस. घरात बसूनच बोलत होतो." बाबांनी कान खाजवला. "रविवारी किती वाजता निघायचं?"

"तुम्ही?"

"त्या दांड्यावर पाणी कसं फिरतं ते कागदावर नाही, माझ्या डोक्यात आहे. आणि डोकं तुझ्याबरोबर एकटं कसं पाठवू?"

रविवारी सकाळी साडेसहाला तिघं निघाले. होडी इतकी लहान, की ताईचे गुडघे बाबांच्या गुडघ्यांना लागत होते. बाबा पुढच्या फळीवर मान जराशी वळवून बसले होते, कारण कडेच्या नजरेला त्यांना टेकडीची काळपट रेघ दिसत होती. ताई हातातल्या यंत्रावरून जागा सांगायची आणि बाबा हात वर करून हवाबंदला दिशा द्यायचे. "जरा डावीकडे. ओढ सुरू झाली, इंजिन बंद नको करूस. आता आणखी अर्ध्या तासात पाणी थांबेल. तेव्हा उतर, आधी नको." पाणी सांगितल्यासारखं थांबलं. ताईने बाबांकडे पाहिलं. मोठ्या जहाजाच्या सुकाणूच्या उंच खोलीत उभे असताना ते असेच दिसत असतील. तिने त्यांना कामावर कधी पाहिलंच नव्हतं.

हवाबंद तोंडात नळी धरून मागच्या मागे पाण्यात गेला. खोली चौदा मीटर. बुडबुडे येत राहिले. पहिल्या खेपेला तो वर आला आणि त्याने नुसतीच मान हलवली. नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. धास्तीने उपाशीपोटीच निघालेली ताई होडीच्या कडेवर वाकली.

"होडी दोर लांबवून आणखी थोडी मागे सोड," बाबा म्हणाले. "वाळूवर चढलेलं जहाज फुटलं की ओहोटीबरोबर खोल बाजूला घसरतं. वर शोधू नका, उतारावर शोधा."

तिसऱ्या खेपेला बुडबुडे एकाच जागी बराच वेळ येत राहिले. मग हवाबंद वर आला, नळी काढली, आणि आयुष्यभराची शिल्लक मोकळी केल्यासारखा बोलू लागला.

"कौलं आहेत! ताई, कौलं! वाळूतून लाकडाच्या फासळ्या वर आल्यात आणि मधे कौलं. शेकडो. एकात एक बसवलेली, ओळीने, काल कुणी रचून गेल्यासारखी. एक ओळसुद्धा ढळलेली नाही. आणि नांगराची साखळी दक्षिणेकडे गेलीय, सरळ ताणलेली. पायलटसाहेब, दक्षिणेकडे!"

बाबांनी फळीवर ठेवलेला ताईचा हात शोधला आणि घट्ट धरला. नांगर दक्षिणेला, जहाज उत्तरेला. दक्षिणेच्या वाऱ्याने ढकललेलं. साक्षीत लिहिलं होतं तसंच.

हवाबंदने पुन्हा उतरून छायाचित्रं काढली. कशालाही हात लावायचा नाही, असं ताईने बजावून ठेवलं होतं. एका कौलावर कारखान्याचा शिक्का स्पष्ट दिसत होता. तोच शिक्का दफ्तरखान्यातल्या, जहाजावरच्या मालाच्या यादीत लिहिलेला होता.

सोमवारी साडेअकराला साहेबांनी छायाचित्रं पाहिली. त्यांनी पुसायचा आदेश फाडला नाही, त्यांना तसं नाटक जमत नसे. त्यावर नीट 'रद्द' असं लिहून तारीख घातली आणि ताईला म्हणाले, "खूण नव्या जागी घाला. आणि 'संशयास्पद' काढा." मग जरा घुटमळून म्हणाले, "त्या जुन्या शेऱ्याचं काय करायचं? आपल्याच कचेरीचा आहे तो."

"तो तसाच राहू दे. त्याच्याखाली दुसरा लिहू."

ताईने लिहिला, साहेबांनी सही केली. 'या माणसाची साक्ष खरी होती. चूक बंदराच्या कचेरीची.' दफ्तरदार बाईंनी तो कागद जुन्या कागदाला स्वतःच्या हाताने टाचला.

साक्षीच्या शेवटी मेटच्या गावाचं नाव होतं. बाबांच्या आग्रहावरून ताईने त्या गावाच्या नगरपालिकेला सगळी हकिकत लिहून पाठवली. "एकशे सत्तर वर्षांनी कोण उत्तर देणार?" ती म्हणाली. "तू पाठव तर," बाबा म्हणाले. आता ते आठवड्यातून दोन दिवस शाखेत येऊन बसू लागले होते. नव्या मुलामुलींना भरती-ओहोटी शिकवायला साहेबांनीच बोलावलं होतं. मुलं त्यांना घाबरत आणि त्यांच्यावर जीवही टाकत.

चार महिन्यांनी उत्तर आलं. बंदरातल्या दुभाष्याने ते आपल्या भाषेत करून दिलं आणि ताईने घरी टेबलाशी बसून वाचलं. लिहिणारी मेटच्या पणतीची मुलगी होती. शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त.

"'तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून वाचलं. त्यांना कुणी खोटारडं म्हटलं होतं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ते कधी सांगितलंच नाही. ते परत समुद्रावर गेले नाहीत, सुतारकाम करू लागले. त्यांनी बनवलेलं कपाट अजून माझ्याकडे आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एकोणीस नावं कोरलेली आहेत. आमच्या घरातलं प्रत्येक मूल वाचायला शिकतं ते त्या दारावर. मीही तिथेच शिकले. ती माणसं कोण, हे मला काल कळलं. छायाचित्र सोबत पाठवते.'"

दफ्तरखान्यात कप्तानाखेरीज कुणाचंच नाव नव्हतं. कागदांवर बाकीचे नुसते 'इतर खलाशी' होते. ताईने छायाचित्र बाबांसमोर धरलं, मग आठवून खाली ठेवलं आणि एकेक नाव वाचू लागली. उच्चार धड येत नव्हते. नावांपुढे कामंही कोरली होती. शिडं शिवणारा. आचारी. दोन भाऊ एका ओळीत. बाबा डोळे मिटून ऐकत होते. एकोणीस नावं संपायला बराच वेळ लागला, कारण कुणालाच घाई नव्हती.

"आणखी काय लिहिलंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यात नातीला घेऊन यायचं म्हणते. ती जागा होडीतून बघायची आहे. पण तिला स्वतःला बोट लागते, म्हणून भीती वाटते."

"लिही तिला," बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "सकाळी लवकर निघू, पाणी थांबलेलं असताना. मी बरोबर असेन. तिला मधल्या फळीवर बसवायचं, तिथं कमी हलतं, आणि नजर लांब टेकडीवर ठेवायची, पाण्यात नाही. आणि हे नक्की लिही, की रिकाम्या पोटी येऊ नकोस म्हणावं. त्याने जास्त मळमळतं. विचार आमच्या ताईला."